पिस्तूल आणि कार्बाइनसाठी परवडणारा रेड डॉट: पैसे कुठे घालावेत?

टेक्सासवासी

नमस्कार. मी डॅलसजवळ राहतो आणि इथल्या एका क्लबच्या स्टील चॅलेंज सामन्यांना (पोलादी पाट्यांवर वेगाने नेम धरण्याच्या) नियमित जातो. माझ्याकडे ग्लॉक 19 एमओएस पिस्तूल (वर साइट बसवण्याची सोय असलेले) आणि रुगरची 9 मिमी पीसी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, आहे. दोन्हींवर आजवर मूळची पुढची माशी आणि मागची खाच यांवरच नेम धरत आलो. पन्नाशी जवळ आल्यापासून माशी स्पष्ट दिसली तर लक्ष्य धूसर होते आणि लक्ष्याकडे पाहिले तर माशी हरवते, म्हणून दोन्हींवर रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारा साइट, बसवण्याचा विचार आहे. दोन्ही मिळून 400 डॉलरच्या आसपास खर्च करता येईल. दुकानात साठ डॉलरपासून सहाशे डॉलरपर्यंतचे नमुने हाताळले, पण काउंटरवर सगळ्यांत तसाच लाल ठिपका दिसतो. मग स्वस्तातला माल नेमका कुठे कमी पडतो? शिवाय माझ्या उजव्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर आहे. त्याने काही अडचण येईल का?

नेमबाज_ह्यूस्टन

काउंटरवर सगळे सारखे दिसणारच, कारण मूळ रचना एकच आहे. एक छोटा एलईडी लेप दिलेल्या वक्र काचेवर प्रकाश टाकतो, ती काच तेवढा लाल रंग डोळ्याकडे परतवते आणि समोरचे दृश्य आरपार येऊ देते. परावर्तित खुणेने नेम धरण्याची ही कल्पना डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी 1900 साली मांडली होती, आणि स्वीडनच्या एमपॉइंटने 1975 मध्ये तिला विजेवर चालणारे रूप दिले. इतकी जुनी युक्ती आज कोणालाही स्वस्तात करता येते. पैसे लागतात ते हा ठिपका हजारो गोळ्यांनंतरही जागचा हलू नये यासाठी, म्हणजे सांगाडा, आतले सोल्डरिंग, सेलची पकड आणि नेम जुळवण्याचे स्क्रू यांसाठी.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की पैसे पिस्तुलावर घालावेत आणि बचत कार्बाइनवर करावी. पिस्तुलाचा रेड डॉट स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकणाऱ्या भागावर, बसतो. प्रत्येक गोळीला तो स्लाइडबरोबर मागे फेकला जातो, आपटून थांबतो आणि लगेच पुढे येऊन पुन्हा आपटतो. साठ डॉलरच्या नमुन्यात याच हिसक्यांनी ठिपका लुकलुकू लागतो, कारण सेल क्षणभर संपर्कातून सुटतो, किंवा नेम हळूहळू सरकत जातो आणि आपण आपल्याच हाताला दोष देत राहतो. कार्बाइनमध्ये बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) आतल्या आत मागेपुढे होतो आणि रेड डॉट रिसीव्हरवर, म्हणजे बंदुकीच्या स्थिर सांगाड्यावर, असतो. तुमच्या पीसी कार्बाइनच्या बोल्टमध्ये तर धक्का शोषण्यासाठी टंगस्टनचे वजनही दिलेले आहे, त्यामुळे तिथे मध्यम दर्जाचा नमुना वर्षानुवर्षे टिकतो.

पिस्तुलासाठी होलोसन कंपनीचा 407सी किंवा 507सी पाहावा. साधारण सव्वादोनशे ते तीनशे डॉलरमध्ये अॅल्युमिनियमचा मजबूत सांगाडा मिळतो आणि सेल बाजूच्या खणातून बदलता येतो, त्यासाठी रेड डॉट उतरवून नेम पुन्हा जुळवावा लागत नाही. 507सीमध्ये 2 एमओएच्या (एमओए हे कोनाचे माप, 100 यार्डांवर सुमारे एक इंच) ठिपक्याभोवती 32 एमओएचे वर्तुळही लावता येते. नवख्याला पिस्तूल वर उचलल्यावर ठिपका सापडत नाही तेव्हा त्या वर्तुळाची कड दिसते आणि मनगट कोणीकडे वळवायचे ते कळते. दोन्हींची बैठक, म्हणजे खालचा बसवण्याचा भाग, ट्रिजिकॉन कंपनीच्या आरएमआर या रेड डॉटच्या घाटाची असल्याने ग्लॉकच्या संचातील 02 क्रमांकाची पट्टी लागेल. व्होर्टेक्स कंपनीचा व्हेनम घेतला तर बैठक डॉक्टर (Docter) या ब्रँडच्या घाटाची, म्हणजे 01 क्रमांकाची पट्टी. ही बैठक न पाहता केवळ सवलत पाहून केलेली खरेदी बहुधा परत पाठवावी लागते.

कार्बाइनसाठी सिग सॉअरचा रोमिओ5 पुरेसा आहे. तो सवाशे ते दीडशे डॉलरच्या दरम्यान मिळतो, ठिपका 2 एमओएचा असतो, शस्त्र स्थिर राहिले की आपोआप विझतो आणि उचलताच पेटतो. त्याच्यासोबत एक बुटकी आणि एक उंच बैठक येते. तुमच्या कार्बाइनचा दस्ता पारंपरिक घाटाचा असल्याने बुटकीच वापरा, नाहीतर गाल दस्त्यावर टेकणार नाही. बुशनेलचा टीआरएस-25 याहून स्वस्त आहे, पण तो हाताने बंद करावा लागतो, आणि सामन्याच्या सकाळी सेल संपलेला आढळणे कोणाला नको असते.

दृष्टी_आणि_नेम

मी व्यवसायाने नेत्रतपासनीस आहे, म्हणून सिलिंडरच्या प्रश्नापुरते लिहिते. असा नंबर असलेल्या डोळ्याला गोल ठिपका अनेकदा स्वल्पविरामासारखा, फुटलेल्या चांदणीसारखा किंवा दोन जोडठिपक्यांसारखा दिसतो, आणि ग्राहक माल सदोष समजून परत करतात. दुकानातच दोन गोष्टी करून पाहा. पहिली, मोबाइलचा कॅमेरा काचेमागे धरून ठिपक्याचा फोटो काढा. फोटोत तो गोल आला तर दोष डोळ्याचा आहे. दुसरी, रेड डॉट हातात धरून सावकाश आडवा फिरवा. ठिपक्याची शेपूट त्याच्याबरोबर फिरली तर दोष यंत्रात, आणि ती एकाच दिशेला राहिली तर डोळ्यात. नेमबाजी करताना दूरच्या नंबरचा चष्मा, ज्यात सिलिंडर पूर्ण घातला आहे, तोच वापरावा. प्रखरता उगाच वाढवू नये. ठिपका जेमतेम उठून दिसेल इतकी ठेवली की शेपूट पुष्कळ आखडते. काहींना हिरवा ठिपका अधिक स्वच्छ दिसतो. एवढे करूनही समाधान झाले नाही, तर कार्बाइनवर प्रिझ्मचा साइट लावावा. त्यात खूण काचेवर कोरलेली असते आणि डोळ्याजवळचे भिंग फिरवून ती स्पष्ट करता येते. त्यात डोळा मात्र ठरावीक अंतरावर ठेवावा लागतो, म्हणून पिस्तुलासाठी तो पर्याय नाही.

टेक्सासवासी

दोघांचेही मनापासून आभार. कॅमेऱ्याची तपासणी या शनिवारीच करतो. 507सी आणि रोमिओ5 असे जवळजवळ ठरले आहे. बसवण्याचे काम घरी करता येईल का, आणि नेम किती अंतरावर जुळवावा?

नेमबाज_ह्यूस्टन

घरी अवश्य करा. आधी मॅगझिन काढून चेंबर रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करा, आणि गोळ्या त्या खोलीत ठेवूच नका. स्क्रू आणि त्यांची भोके अल्कोहोलने पुसून तेल घालवा, निळ्या लॉकटाइटचा (स्क्रू ढिले होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब लावा आणि टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) उत्पादकाने सांगितलेल्या मापाइतकेच आवळा. पिस्तुलाचे हे स्क्रू बारीक असतात आणि अंदाजाने पिळले तर त्यांची डोकी तुटतात. नंतर रंगाच्या पेनने स्क्रूपासून सांगाड्यापर्यंत एक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू ढिला झाला हे लगेच कळते.

पिस्तूल आधी 15 यार्डांवर टेकू देऊन जुळवा आणि 25 यार्डांवर पक्के करा. कार्बाइन 50 यार्डांवर. 507सीच्या नेम जुळवण्याच्या स्क्रूची एक टिचकी 1 एमओएची, म्हणजे 25 यार्डांवर गोळी सुमारे पाव इंच सरकते. ठिपका काचेच्या मध्यभागी आणण्यासाठी मनगट वाकवत बसू नका. तो काचेच्या कोपऱ्यात असला तरी लक्ष्यावर असेल तर गोळी तिथेच जवळपास लागते. नजर ठिपक्यावर न ठेवता पाटीवर ठेवा. ही सवय लागत नसेल तर घरी रिकाम्या पिस्तुलावर काचेच्या पुढच्या बाजूस चिकटपट्टी लावून, दोन्ही डोळे उघडे ठेवून सराव करा. काचेतून पाटी दिसेनाशी झाली की दुसरा डोळा ती दाखवतो आणि ठिपका तिच्यावर आपोआप उमटतो.