बँकॉकची डेटा एन्ट्रीची ऑफर, मावसभावाला जाऊ द्यावं का?

सांगलीकर: माझ्या मावसभावाला टेलिग्रामवरून बँकॉकची ऑफर आलीये, डेटा एन्ट्री, पगार ८० हजार, तिकीट कंपनीच काढणार म्हणे. इंटरव्ह्यू म्हणजे दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल आणि टायपिंग टेस्ट, बस्स. व्हिसाचं विचारलं तर एजंट म्हणतो टुरिस्ट म्हणून या, वर्क परमिट इकडे आल्यावर करून देतो. मावशी पेढे वाटायच्या तयारीत आहे आणि मला मात्र धाकधूक लागलीये. म्यानमारच्या स्कॅम सेंटरचं वाचलं होतं, हे तसलंच आहे का?

वैशाली_ताई: अजिबात पाठवू नका. बँकॉकला उतरवून गाडीने माए सोतला नेतात, ते थायलंडचं सीमेवरचं गाव, तिथून मोएई नदी ओलांडली की म्यावाडी, म्हणजे म्यानमार. पलीकडे थाई पोलीस नाहीत आणि म्यानमार सरकारचंही फारसं चालत नाही, सशस्त्र गटांचा कारभार आहे. पासपोर्ट काढून घेतात, मग दिवसभर बाईचा फोटो लावलेल्या खोट्या प्रोफाइलवरून लोकांना गुंतवणुकीत ओढायचं, टार्गेट चुकलं की मारहाण, विजेचे शॉक. २०२३ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने अंदाज दिला होता, एकट्या म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार लोक असे अडकलेत.

निनाद: पण ही पोरं स्वतःच्या पायाने गेली ना? आणि तिकडे बसून आपल्याच लोकांना लुबाडलं, मग ती पीडित कशी? माझ्या काकांची अर्धी पुंजी अशीच गेली.

अ‍ॅड_मंजिरी: निनाद, काकांचं वाईट वाटलं, पण कायदा इथे स्पष्ट आहे. २००० चा पालेर्मो प्रोटोकॉल, म्हणजे मानवी तस्करीविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार, भारताने २०११ मध्ये मान्य केलाय, त्यात लिहिलंय की फसवून नेलं असेल तर माणसाने हो म्हटलं होतं याला काही अर्थ उरत नाही. आपल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ पण तेच सांगतं. आणि सुटून आलेल्याला आपणच आरोपी केलं तर एजंटचं नाव सांगायला कोण पुढे येईल? फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडने सीमेपलीकडची वीज, इंटरनेट, डिझेल तोडलं तेव्हा हजारो लोक बाहेर आले, मार्चमध्ये आपल्या हवाई दलाच्या विमानांनी ५४९ भारतीय परत आणले. चांगलंच झालं, पण वरचे मालक आणि इथले एजंट मोकळे राहिले तर नवी पोरं भरती होतच राहणार, माझा राग त्यांच्यावर आहे.

सांगलीकर: वाचून अंगावर काटा आला. मावशीला सगळं वाचून दाखवलं, भाऊ अजून म्हणतोय की कंपनीची वेबसाइट भारी आहे.

वैशाली_ताई: वेबसाइट कुणीही बनवतं हो. ई-मायग्रेट, म्हणजे परदेशी नोकरीसाठीचं सरकारी पोर्टल, त्यावर त्या एजंटची नोंदणी आहे का ते त्यालाच शोधायला लावा. नसेल तर चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट, नंबर सगळं सायबर पोलिसांकडे द्या, तो एजंट आत्ता आणखी चार पोरांशी बोलत असेल.