पंचगंगेचा गाळ आणि समुद्रकिनाऱ्याची धूप

मूळ मत : २०१९ चा महापूर ओसरला तेव्हा कोल्हापुरात पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर वीतभर चिकट गाळ बसला होता आणि आम्ही तो फावड्याने ओढून पुन्हा नदीतच लोटत होतो. हा गाळ नृसिंहवाडीला कृष्णेत जातो. कृष्णा पुढे आंध्रात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागराला मिळते आणि तिचा त्रिभुज प्रदेश अशाच गाळाने घडला आहे. मात्र नागार्जुनसागर, श्रीशैलम, अलमट्टी अशी धरणे होत गेली आणि हे देणे वाटेतच अडले. लाटा किनारा खरवडून नेतात हे पूर्वापार चालत आले आहे; भरपाई करणाऱ्या नदीनेच हात आखडता घेतल्यावर किनारा मागे हटणारच. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राच्या पाहणीनुसार १९९० ते २०१८ या काळात देशाच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के भागाची धूप झाली. समुद्राची पातळी वाढते आहे हे खरे, पण सगळे खापर तिच्यावर फोडणे मला पटत नाही.

प्रतिसाद : आपण गाळ आणि वाळू यांची सरमिसळ केली आहे. घाटावर बसतो तो बारीक गाळ लाटा खोल पाण्यात नेतात. पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, उभी राहते ती भरड वाळूवर. शिवाय चेन्नईचे उदाहरण पाहा. तेथील बंदर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधले गेले, तेव्हा आपण सांगता त्यांपैकी एकही धरण नव्हते. तरी किनाऱ्यालगत उत्तरेकडे सरकणारी वाळू बंदराच्या भिंतीला अडली, दक्षिणेला मरीनाची पुळण रुंदावली आणि उत्तरेला रॉयपुरम खचत गेले. आपल्या जवळचे पाहायचे, तर आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या मिऱ्याला जावे. कोकणातल्या नद्या आखूड, कृष्णेसारखी मोठ्या धरणांची रांग त्यांवर नाही, तरीही तेथे धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर दगड टाकावे लागले आहेत.

मूळ लेखक : गाळ आणि वाळूबद्दलची आपली दुरुस्ती मान्य. परंतु धरणात वाळूही अडकते, आणि नवा गाळ न मिळालेली त्रिभुज प्रदेशातील जमीन आपल्याच भाराने दबत जाते. बंदर वाळूची वाटणी बदलते, धरण मूळ पुरवठाच तोडते. मोठा दोष कोणाचा, हे यावरून ठरवावे.

प्रतिसाद : ज्याच्या दारातली वाळू गेली, त्याला ती शेजारच्या गावात साचली आहे याचा काय उपयोग? पुदुच्चेरीला १९८९ च्या सुमारास बंदर झाले. तेथे साचलेली वाळू उपसून उत्तरेला टाकण्याची योजना होती, पण ते काम नियमित झाले नाही आणि शहराची पुळण जाऊन दगडांची भिंत उरली. राधानगरीच्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे, त्यामुळे धरणे पाडा असे आपणही म्हणणार नाही. बंदराशी अडलेली वाळू पलीकडे टाकणे मात्र आजही शक्य आहे, म्हणून आधी जाब बंदरांना विचारावा.