मदत हवी आहे: पाचवीतल्या स्वमग्न मुलाला मधल्या सुट्टीत पिडतात, काय करावं?

दुधनाकाठ
जिल्हा परिषद शाळा, परभणी जिल्हा. वर्गाचा पट 34, त्यात एक मुलगा स्वमग्न (ऑटिझम असलेला). वाचन-गणित बरोबरीने चालतं. बोलतो कमी, विचारलेलंच वाक्य परत म्हणतो, मोठ्या आवाजाला कान दाबतो, आनंद झाला की हात फडफडवतो. दोन-तीन पोरं हातांची नक्कल करतात, खिचडीच्या रांगेत त्याच्या कानाशी ताट वाजवतात, पिशवी फुगवून फोडतात. मग तो किंचाळतो, ढकलतो आणि दुसऱ्या दिवशी त्या पोरांचे पालक शाळेत: "हे येडं पोरगं आमच्या लेकराला मारतं." त्याला काहीही विचारा, उत्तर "हो". पोरांना रागावून झालं, सगळ्यांसमोर हात मिळवून झाले. दिव्यांग प्रमाणपत्र अजून काढलेलं नाही. त्याच्याकडून खरं कसं कळेल? वर्गाला सांगावं का? आणि कागदोपत्री काय करावं?

विशेषशिक्षक_लातूर
सर, ते "हो" उत्तर नाहीच. प्रश्न संपावा म्हणून म्हटलेलं असतं. पडताळून बघा: "वर्गात झालं की पटांगणात?" थोड्या वेळाने उलटं विचारा, "पटांगणात की वर्गात?" दोन्ही वेळा शेवटचाच शब्द परत आला तर तो नुसता प्रतिध्वनी आहे, त्यावर कुणाला दोषी धरू नका.

त्यापेक्षा कोऱ्या कागदावर शाळेचा नकाशा काढा. वर्ग, पाण्याची टाकी, संडास, पटांगण, फाटक. हातात ज्वारीचे पाच-सहा दाणे द्या. "जिथं नको वाटतं तिथं दाणा ठेव." एवढंच म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. मध्ये प्रश्न बदलून विचारला की त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, तिथंच आपली घाई नडते. आठवडाभरात तीनदा करा, दाणे कुठं साचतात ते दिसेल. बहुधा मोठ्या माणसाची नजर पोचत नाही अशीच जागा निघते. सुट्टीत एका शिक्षकाने तिथं उभं राहायचं, स्टाफरूमच्या दारात नाही.

खिचडीची रांगच मोडा. त्याला पाच मिनिटं आधी ताट द्या, पण एकट्याला नको. "लाड चाललेत" म्हणून नवं चिडवणं सुरू होतं. आळीपाळीने चार मुलं त्याच्यासोबत. आणि घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला असेल तर त्याची जागा त्या रुळापासून लांबच्या बाकावर.

बाभूळबन
थोडं कठोर करा हो त्याला. एकदा उलटा हात उचलला की पोरं गप बसतील.

विशेषशिक्षक_लातूर
तो हात उचलतोच आहे, तेच तर घडवून आणलं जातंय. आधी पिशवी फुटते, मग किंचाळी येते, आणि मोठ्यांना फक्त किंचाळी ऐकू येते. नोंद करताना "किंचाळला" याच्या आधीची पाच मिनिटं लिहा. असा उद्रेक म्हणजे हट्ट नव्हे. हट्ट हवं ते मिळालं की थांबतो, हा थांबत नाही. त्या वेळी ओरडू नका, धरून ठेवू नका. बाकीच्या मुलांना बाहेर काढा, शांत जागा द्या, कमी बोला. प्रश्न नंतर.

हात मिळवणं बंद करा. सगळ्या वर्गासमोर उभं राहणं हीच त्याला शिक्षा. शिवाय "आता तुम्ही मित्र" हे तो अक्षरशः खरं मानतो आणि त्याच पोरांनी सांगितलं की पुढच्या खोडीत सामील होतो. त्या पोरांशी एकेकट्याने बोला. "नीट वाग" याचा अर्थ पोरांना लागत नाही. "त्याच्या कानाशी ताट वाजवायचं नाही" याचा लागतो.

वर्गाला सांगायचं तर आधी आई-वडिलांना विचारा, त्यालाही विचारा. निदानाचं नाव न घेताही काम होतं: "कान दाबले म्हणजे आवाज दुखतोय. हात हलवले तर हलवू द्या." पंधरा मिनिटं पुरेत. "बिचारा" शब्द चुकूनही नको. बघणाऱ्या मुलांना एकच वाक्य पाठ करून द्या: "चल, सरांनी बोलावलंय." भांडायचं नाही, त्याला घेऊन निघायचं. ही जबाबदारी एकाच मुलीच्या गळ्यात बांधू नका (शाळेत हमखास असंच होतं), दर आठवड्याला जोडी बदला.

कागदपत्री
कागदाचं सांगतो. पालकांनी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा: तारीख, वेळ, जागा, कानावर आलेले शब्द जसेच्या तसे. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. पुढे शाळा व्यवस्थापन समिती, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी. गटसाधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची शाळाभेट याच अर्जात मागा.

आधार: दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016. यातल्या दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत स्वमग्नता आहे. कलम 16 नुसार भेदभाव न करता शिकवणं आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करणं ही शाळेची जबाबदारी. शिक्षकानेच मारलं किंवा मानसिक छळ केला तर शिक्षणहक्क कायदा 2009, कलम 17. गावातल्या मोठ्या माणसाने चारचौघांत जाणूनबुजून अपमान केला तर 2016 च्या कायद्याचं कलम 92, सहा महिने ते पाच वर्षं कैद आणि दंड. दहा वर्षांच्या पोरांना मात्र कलमांची धमकी देऊ नका, त्याने फक्त पालक एकमेकांवर उठतात. तातडीचं काही असेल तर 1098, मुलांसाठीची हेल्पलाइन.

त्रास थांबवायला प्रमाणपत्र लागत नाही, सवलतींना लागतं. स्वावलंबन पोर्टलवर (दिव्यांग प्रमाणपत्राचं सरकारी संकेतस्थळ) अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी. तिथे 40 मुद्द्यांची मोजपट्टी असते, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. बेरीज 70 च्या खाली असेल तर स्वमग्नता धरत नाहीत. तपासणीला आईला सोबत न्या, घरातलं वागणं तिलाच माहीत असतं.

दुधनाकाठ
नकाशा उद्याच काढतो. पुढच्या महिन्यात गॅदरिंग आहे, डीजे असणार. त्याला घरी ठेवू का?

विशेषशिक्षक_लातूर
त्यालाच विचारा. यायचं म्हणाला तर हार्डवेअरच्या दुकानात कारखान्यातले कामगार लावतात ते कानावरचे मफ मिळतात. आठवडाभर आधी घरी, शांततेत पाच-पाच मिनिटं घालून बघू द्या. ऐन गोंधळात पहिल्यांदा घातले तर काढून फेकेल. खुर्ची दाराजवळ, स्पीकरच्या मागच्या बाजूला. कार्यक्रमाचा क्रम कागदावर लिहून खिशात द्या, एकेक झालं की त्याने खोडायचं. आणि उठून बाहेर गेला तर कुणी हाक मारायची नाही, एकाने फक्त नजर ठेवायची.