आत्मिक दान ओळखायचं कसं? प्रश्नावलीच्या गुणांवर किती विसंबावं?

तरुणसंघ_नगर:
जय ख्रिस्त. आमच्या तरुण संघात आत्मिक दानांची, म्हणजे पवित्र आत्म्याने सेवेसाठी दिलेल्या देणग्यांची, प्रश्नावली भरून घेतली. प्रत्येक विधानाला ० ते ३ गुण, शेवटी बेरीज. बहुतेकांचं दया आणि सेवा वर आलं, शिक्षणात जवळजवळ कुणीच नाही. शब्बाथशाळेला (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाला) तर शिक्षक हवेत. या निकालावरून जबाबदाऱ्या वाटायच्या का? शिवाय अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने, न शिकलेल्या) बोलता येत नसतील तर आत्म्याचं दानच नाही, असं दोघं-तिघं म्हणतात.

शब्बाथशाळा_सेवक:
बेरजेवरून वाटू नका. माणूस स्वतःला कसा पाहतो, एवढंच त्या कागदावर उतरतं. 'दुःखी माणूस दिसला की मन कळवळतं' याला शून्य कोण देईल? म्हणून दया वर येते. आणि जो कधी वर्गासमोर उभाच राहिला नाही, तो शिकवण्याच्या विधानांना कमी गुण देणारच. संधी मिळाली नव्हती एवढंच त्यातून कळतं.

आधी बायबलमधले रोम १२:६-८, १ करिंथ १२, इफिस ४:११ आणि १ पेत्र ४:१०-११ एका बैठकीत वाचा. रोममध्ये ७ दानं, करिंथच्या ८-१० ओव्यांत ९, आणि पेत्र फक्त बोलणं व सेवा असे दोन भाग करतो. याद्या जुळत नाहीत, कारण पुरी यादी देणं हा हेतूच नव्हता. छापील यादीत नाव नाही म्हणून कुणाचं काम कमी लेखू नका. निर्गम ३१ मध्ये बसालेलाला कारागिरीसाठी देवाच्या आत्म्याने भरलं आहे.

मग प्रत्येकाला ६ ते ८ आठवडे एकच काम द्या. शिकवणाऱ्याला एक लहान गट, १५ मिनिटांचा पाठ, मागे एक जुने शिक्षक बसलेले. पुढच्या रविवारी मुलांना विचारा, काय आठवतं? त्याला स्वतःला किती छान वाटलं, यापेक्षा मुलांचं उत्तर महत्त्वाचं. आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्याला ते घर पुन्हा बोलावतं का, ते बघा. शेवटी काम जवळून पाहिलेल्या तिघांकडून मत वेगवेगळं लिहून घ्या. एकत्र बसलात तर पाळकसाहेब बोलतात आणि बाकीचे मान डोलावतात.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो रिकामी जागा भरताना. शिक्षक कमी पडले की समोर दिसेल त्याच्यात शिकवण्याचं दान 'दिसू' लागतं. गरज आहे तर सरळ मदत मागा, त्याला दानाचं नाव देऊ नका. आणि 'सतरंज्या घालणं माझं दान नाही' हेही चालू देऊ नका. दया, पाहुणचार, देणं यांची आज्ञा सगळ्यांनाच आहे.

केडगाव_वाचक:
भाषांबद्दल: १ करिंथ १२:३० मध्ये त्या पत्राचा लेखक पौल 'सगळेच अन्य भाषा बोलतात काय?' असं विचारतो, आणि उत्तर 'नाही' हेच अपेक्षित आहे. दानं वाटतो आत्मा, स्वतःच्या इच्छेने (१२:११). सभेसाठी नियम १४:२७-२८ मध्ये आहे: दोघं, फार तर तिघं, पाळीपाळीने, आणि अर्थ सांगणारा हवा. तो नसेल तर सभेत गप्प राहायचं. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली संजीवन (आत्मिक जागृती) झालं, पुढे तिथे अन्य भाषाही बोलल्या गेल्या. तिथेच रमाबाई हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, १९२२ मध्ये देहान्त होईपर्यंत. व्याकरण घेऊन वर्षानुवर्षं बसणाऱ्या त्या कामाला कुठल्या तोंडाने कमी म्हणणार?

वसईकर:
तुमच्यात कॅथलिक तरुण असतील तर एक गल्लत टाळा. दृढीकरण संस्काराच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणाऱ्या विधीच्या) तयारीत शिकवतात ती पवित्र आत्म्याची ७ दानं यशया ११ मधली. हिब्रू पाठात नावं ६ आहेत, भक्ती हे सातवं ग्रीक भाषांतरातून आलं. ती सातही प्रत्येकाला मिळतात, स्वतःच्या पवित्र जीवनासाठी. करिंथमधली दानं मंडळीच्या उभारणीसाठी वाटून दिलेली आहेत. दोन्ही एकाच प्रश्नावलीत घातली की उत्तरांना अर्थ उरत नाही.

तरुणसंघ_नगर:
आभार. ८ आठवड्यांनी एखाद्याला शिकवणं जमलंच नाही तर?

शब्बाथशाळा_सेवक:
आधी कारण शोधा. पाठ लांबला, तयारी शनिवारी रात्री झाली, गटात ५ वर्षांची आणि १२ वर्षांची मुलं एकत्र बसली, तर दोष दानाचा नाही. ते सुधारून आणखी ४ आठवडे द्या. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्यालाही दान चेतवायला सांगावं लागलं (२ तीमथ्य १:६). तरीही मुलांच्या हाती काही लागत नसेल तर त्याला एकट्याला गाठून स्पष्ट सांगा, आणि त्याच भेटीत दुसरं काम हातात द्या.