प्रतिसाद: चालिओ यूविद्या यांचं नावही यायला हवं

वर थायलंडच्या उद्योजकांवरच्या लेखात तिथल्या सीपी या बड्या उद्योगसमूहाच्या धनिन चिअरावानोंत यांच्याबद्दल छान लिहिलंय. १९२१ साली बँकॉकच्या चायनाटाउनमध्ये सुरू झालेल्या बियाण्यांच्या दुकानाचा त्यांनी एवढा मोठा समूह केला, हे थक्क करणारंच आहे. पण मला जास्त जवळचे वाटतात ते तिथलेच दुसरे उद्योजक चालिओ यूविद्या. (आडनावातली 'विद्या' आपलीच बरं का, संस्कृतातून गेलेली!)

थायलंडच्या फिचित प्रांतातल्या गरीब चिनी स्थलांतरितांचा हा मुलगा. आधी औषधांचा धंदा केला, मग १९७०च्या दशकात 'क्राथिंग देंग' नावाचं एनर्जी ड्रिंक काढलं. क्राथिंग म्हणजे गवा, आपल्या राधानगरीत दिसतो तोच. देंग म्हणजे लाल. छोटी तपकिरी काचेची बाटली, आत गोडमिट्ट पेय, फसफस अजिबात नाही. गिऱ्हाईक कोण, तर रात्रभर गाडी हाकणारे ट्रकवाले आणि मजूर.

१९८४मध्ये ऑस्ट्रियाच्या डिट्रिच माटेशिट्झ यांच्यासोबत प्रत्येकी पाच लाख डॉलर घालून कंपनी काढली. दोघांकडे ४९-४९ टक्के, उरलेले २ टक्के चालिओंच्या मुलाकडे. तेच रेड बुल! एवढं होऊनही २०१२मध्ये जाईपर्यंत हा माणूस प्रसिद्धीपासून लांबच राहिला. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो यासाठी.