डाव्या कुशीवर खुबा ठणकतो आणि जाग येते तेव्हा उताणीच असते. काय करू?

अर्धीझोप
नमस्कार. पहिलंच बाळंतपण आहे, २९वा आठवडा चालू आहे. मागच्या तपासणीत सांगितलं, "आता उताणं झोपायचं नाही, डाव्या कुशीवर झोपा." एवढंच. बाहेर पुढच्या बाईचा नंबर पुकारला गेला होता, त्यामुळे मीही काही विचारलं नाही. तेव्हापासून झोपेचं पार खोबरं झालंय.

डाव्या कुशीवर तासभर झाला की खुबा ठणकायला लागतो, मग हात बधिर होतो. उजवीकडे वळावं तर मनात धाकधूक. आणि पहाटे तीनच्या सुमाराला जाग येते ती बहुतेक वेळा उताणी असतानाच. परवा तशीच जागी झाले आणि पोटावर हात ठेवून बाळ हलेपर्यंत पडून राहिले. हललं, पण त्यानंतर डोळ्याला डोळा लागला नाही. नवऱ्याला सांगून ठेवलंय की उताणी दिसले तर ढोसून उठव. तो बिचारा माझ्या आधी घोरायला लागतो.

उजवी कूस चालते का? झोपेत आपोआप उताणी होते त्याचं काय? आणि ती मोठी यू आकाराची उशी घ्यावी, की घरच्या उशांवर भागतं? अनुभव सांगा, घाबरवू नका प्लीज.

दोनदा_आई
उशीचं मी सांगते, त्यात मी पदवीधर आहे. पहिल्या वेळी यू उशी घेतली. पाठ आणि पोट दोन्हींना एकदम टेकण मिळतं, हे खरं. पण पलंगावर तिसरं माणूस आल्यासारखं होतं, उकडतं, आणि रात्री चार वेळा बाथरूमला उठताना त्या खंदकातून बाहेर पडायचं म्हणजे शिक्षा. दुसऱ्या वेळी साध्या उशा वापरल्या आणि जास्त चांगली झोपले.

तुझ्या खुब्याचं कारण मला वाटतं वेगळंच आहे. बहुतेक जणी उशी फक्त गुडघ्यांमध्ये घालतात. मग वरचा पाय घोट्यापासून खाली लोंबतो आणि खुब्याला पीळ बसतो. उशी लांब हवी, मांडीपासून थेट घोट्यापर्यंत. वरचं पाऊल गादीला टेकता कामा नये. लांब उशी नसेल तर दोन छोट्या एकापुढे एक ठेव. पोटाखाली मात्र जाड उशी नको, टॉवेलची घडी पुरते. पोट गादीकडे ओघळतं आणि कंबर ओढली जाते, तेवढी पोकळी भरली की झालं. गादी कडक असेल तर खुब्याखाली एखादं मऊ पांघरूण दुहेरी करून घाल.

सरळसोट
माझ्या माहितीप्रमाणे फक्त डावी कूस. उजव्या कुशीवर झोपलं की बाळाचा रक्तपुरवठा कमी होतो. नऊ महिन्यांचा तर प्रश्न आहे, उगाच धोका कशाला घ्यायचा? मी तर पूर्ण गरोदरपणात एकदाही वळले नव्हते.

रात्रपाळी
एकदाही वळला नव्हतात हे तुम्हाला झोपेत कसं कळलं? गंमत केली, रागावू नका.

मी प्रसूती वॉर्डात नर्स आहे. रात्री दोनला हाच प्रश्न विचारणारे फोन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पाठीच्या कण्याच्या किंचित उजवीकडून एक मोठी नीला जाते, शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी. उताणं झोपलं की जड झालेलं गर्भाशय नेमकं तिच्यावर रेलतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं. काहींना गरगरतं, मळमळतं, घाम फुटतो. कुशीवर वळलं की बरं वाटतं. ही नीला उजवीकडे म्हणून डावी कूस बरी, असा तो जुना हिशोब आहे. कागदावर बरोबरच आहे.

पण प्रत्यक्षात काय दिसलं? न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि अमेरिका इथल्या ५ अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये विश्लेषण प्रसिद्ध झालं. २८ आठवड्यांनंतर उताणं झोपी जाणाऱ्या बायकांमध्ये बाळ पोटात दगावण्याची शक्यता डाव्या कुशीवर झोपी जाणाऱ्यांपेक्षा सुमारे २.६ पट आढळली. आकडा ऐकून दचकू नका, मुळात ही घटनाच विरळ आहे. मुद्दा असा की डाव्या आणि उजव्या कुशीत फरक आढळला नाही. म्हणून २८व्या आठवड्यापासून कुशीवर झोपा, कोणत्याही. हेच आता सांगितलं जातं. डावी जास्त सोयीची वाटत असेल तर डावी. खुबा ठणकत असेल तर खुशाल उजवी.

दुसरी गोष्ट, त्या अभ्यासांत विचारलं होतं ते "झोपी जाताना कशा होतात" हे. रात्रीतला सगळ्यात लांब पट्टा साधारण त्याच स्थितीत जातो. त्यामुळे आपल्या हातात आहे ते एवढंच: अंग टाकताना कुशीवर, बाथरूमहून आल्यावर पुन्हा कुशीवर, दुपारी डुलकी काढतानाही कुशीवर. मध्येच जाग आली आणि उताणी असलीस तर वळ आणि झोप. झालेल्या वेळाचा हिशोब मांडत बसू नकोस.

घोरणारा_नवरा
धागाकर्तीच्या नवऱ्याच्या वतीने निषेध नोंदवतो. आम्ही बनियनच्या पाठीला शिवलेल्या खिशात चेंडू ठेवायचा उपाय वाचला होता. बायकोने चेंडू माझ्याच दिशेने भिरकावला.

रात्रपाळी
बरोबरच केलं. चेंडूने फक्त झोपमोड होते. त्यापेक्षा पाठीमागे एक घट्ट उशी किंवा लोड लावा, कंबरेपासून खांद्यापर्यंत. झोपेत मागे कलंडली तरी बाई त्या उशीवर तिरपी राहते, सपाट उताणी होत नाही. आणि नवऱ्याला पहाऱ्यावरून मुक्त करा.

सोळावाआठवडा
मध्येच घुसते. मी लहानपणापासून पालथी झोपते. आत्ता १६ आठवडे. बाळ दबेल का? आणि हे २८ आठवड्यांचं माझ्यासाठी आत्तापासूनच का नाही?

रात्रपाळी
नाही दबत. साधारण १२ आठवड्यांपर्यंत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आतच असतं. पुढेही बाळ पाण्यात आणि स्नायूंच्या जाड भिंतीआड असतं. पोट वाढलं की पालथं झोपणं तुलाच नकोसं होईल. उताणं झोपण्याबद्दल म्हणशील तर अमेरिकेत पहिलटकरणींचा एक मोठा अभ्यास झाला, तोही २०१९ मध्ये आला. ३० आठवड्यांपर्यंतच्या झोपेच्या स्थितीचा आणि वाईट परिणामांचा संबंध त्यात दिसला नाही. तेव्हा आत्ता निवांत झोप. हळूहळू कुशीची सवय लावून घेतलीस तर पुढे सोपं जाईल, इतकंच.

फिजिओ_बाई
दोनदा_आई यांनी घोट्याचं लिहिलंय ते शंभर टक्के. मी त्यात कूस बदलण्याचं घालते, कारण बऱ्याच जणींना झोपण्यापेक्षा वळताना जास्त दुखतं. विशेषतः जांघेत किंवा समोरच्या हाडावर कळ येत असेल तर. आपण सवयीने आधी एक पाय टाकतो आणि मग दुसरा ओढतो. तसं करू नका. दोन्ही गुडघे वाकवून एकमेकांना चिकटवा, हवं तर उशी तशीच दाबून धरा, आणि खांदे, कंबर, गुडघे सगळं एकदम वळवा, ओंडका लोटावा तसं. उठतानाही आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून हाताने रेटा देऊन बसा. सरळ उताण्या स्थितीतून उठून बसू नका, पोटाच्या स्नायूंवर ताण येतो. साटीनसारखी गुळगुळीत चादर असेल तर वळणं बरंच सोपं होतं. मोजे मात्र काढा, घसरायचं नाही.

एवढं करूनही चालताना, जिना चढताना दुखत असेल तर "हे चालायचंच" म्हणून सोडू नका, दाखवा.

आंबटढेकर
मला खुबा नाही, जळजळ छळायची. आडवी झाले की घशाशी यायचं. तीन उशा मानेखाली घेतल्या तर मान आखडली आणि जळजळ तशीच. शेवटी गादीच्या खालीच डोक्याच्या बाजूने घड्या घालून अख्खी पाठ उचलली, तेव्हा फरक पडला. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास अंतर ठेवलं. जळजळीसाठी मात्र डावीच कूस उपयोगी पडली, उजवीकडे वळले की वाढायची.

पोटरीत गोळा येणाऱ्यांसाठी: ओरडायच्या आधी पाय सरळ करून पाऊल आपल्याकडे ओढा. बोटं पुढे ताणली की गोळा आणखी घट्ट होतो, हे मी किंचाळून शिकले.

रात्रपाळी
जाता जाता, झोप येत नाही म्हणून ज्या गोष्टी लोक अंगावर काढतात त्यांपैकी काही काढायच्या नसतात. रात्री तळहात आणि तळपायांना खाज सुटते, पुरळ मात्र नाही, तर लगेच सांगा, रक्त तपासावं लागतं. पाय सतत हलवत राहावेसे वाटतात तर लोह कमी आहे का ते बघतात. घोरणं अचानक वाढलंय आणि मध्येच श्वास अडकतो असं शेजारच्याने सांगितलं, तर तेही सांगा. डोकं ठणकून डोळ्यांपुढे काजवे चमकणं म्हणजे कितीही वाजले असले तरी दवाखाना, त्याच रात्री. झोपेची गोळी, मग ती "साधी" असली तरी, विचारल्याशिवाय नको.

आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर सकाळची वाट बघायची नाही. फोन करायचा. आम्ही त्यासाठीच जागे असतो, कोणी वैतागत नाही.

अर्धीझोप
सगळ्यांचे खूप आभार. दोन रात्रींचा अहवाल देते. लांब उशी नव्हती, म्हणून दोन लहान उशा एकाच खोळीत एकापुढे एक भरल्या. पाठीमागे लोड. पहिल्या रात्री उशा सरकत राहिल्या, काल खोळीचं तोंड पिनांनी बंद केलं. उजव्या कुशीवर झोपायला लागले तेव्हा आधी दहा मिनिटं कान टवकारून पडले होते, मग कधी डोळा लागला कळलं नाही. साडेतीनला जाग आली तर लोडावर तिरकी झालेली होते. वळले, झोपले. खुबा पुष्कळ बरा आहे.

हात मात्र अजून बधिर होतो. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं.

फिजिओ_बाई
ते बहुतेक मनगटाचं आहे. सूज आली की मनगटातली नस दबते, गरोदरपणात बऱ्याच जणींना होतं. झोपेत आपण मूठ वळून मनगट दुमडतो, त्याने वाढतं. मनगट सरळ ठेवणारा पट्टा मिळतो, तो रात्री लावून बघ. खालचा खांदा थोडा पुढे ओढून घे, हात अंगाखाली चेंगरायला नको. पुढच्या तपासणीत सांग, आणि या वेळी बाहेर नंबर पुकारला तरी उठू नकोस.