मदत हवी आहे : फिजिओथेरपीच्या पहिल्या अपॉइंटमेंटची तयारी कशी करावी?

भिरभिरे
परवा सकाळी साडेनऊला माझी फिजिओथेरपीची पहिली अपॉइंटमेंट आहे आणि यापूर्वी मी फिजिओथेरपिस्टकडे कधीच गेलेले नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. पण सोबत काय न्यावे, कपडे कोणते घालावेत आणि त्या दिवशी दुखण्यावरची गोळी घ्यावी की टाळावी, हे विचारायचे राहून गेले. फोन केला तेव्हा "दहा मिनिटे आधी या" एवढेच उत्तर मिळाले. चार महिने हे दुखणे अंगावर काढले आहे आणि आता रात्रीची झोपही उडाली आहे, त्यामुळे ही भेट वाया जाऊ नये असे मनापासून वाटते. कृपया लवकर सांगावे.

सरळरेषा
नेमके काय दुखते आहे, हे आपण लिहिलेलेच नाही. गुडघा, कंबर, मान की खांदा? शस्त्रक्रिया झाली आहे का? हे कळल्याशिवाय कपड्यांविषयीसुद्धा सांगता येणार नाही, कारण जो भाग दुखतो तो उघडा करूनच तपासावा लागतो.

गुडघ्याचा प्रवासी
माझ्या अनुभवावरून एकच सांगतो : शस्त्रक्रियेचा कागद विसरू नका. माझ्या गुडघ्याच्या लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली होती आणि मी पहिल्या भेटीला फक्त एक्स-रे घेऊन गेलो. आतली गादी शिवली आहे की नाही, हे त्यावरून कळेना. आणि गादी शिवलेली असेल तर सुरुवातीचे काही आठवडे गुडघा किती वाकवायचा यावर मर्यादा असते. परिणामी त्या दिवशी व्यायाम जवळजवळ काहीच झाला नाही. मांडीपर्यंत वर जाईल अशी सैल चड्डीही जरूर न्यावी.

भिरभिरे
आभार, परंतु माझा गुडघा नाही, उजवा खांदा दुखतो. शस्त्रक्रिया नाही, पडणे-झडणे नाही. हात खांद्याच्या वर जात नाही आणि पाठीमागे तर मुळीच वळत नाही. वेणी घालायला बहिणीला बोलवावे लागते. एक्स-रेमध्ये काही निघालेले नाही. गोळीचे मात्र अजून कोणीच सांगितले नाही.

जुनाजाणता
गोळी मुळीच घेऊ नका. दुखणे झाकले गेले तर तपासणाऱ्याला खरी स्थिती कशी कळणार? आणि त्याही आधी एमआरआय करून घ्या. माझ्या खांद्यातील स्नायुबंध, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, फाटलेला होता आणि तो एक्स-रेमध्ये दिसला नव्हता. एमआरआयशिवाय व्यायाम सुरू करणे म्हणजे अंधारात चालणे आहे, असे माझे ठाम मत आहे.

पाऊलवाट
मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे आणि वरील दोन्ही सल्ल्यांशी असहमत आहे. डॉक्टरांनी नेमून दिलेली गोळी मनाने बंद करू नये आणि वाढवूही नये. ती नेहमीप्रमाणे घ्यावी आणि कोणती गोळी किती वाजता घेतली हे आम्हाला सांगावे. वेदनेने कळवळणारा रुग्ण खांदा आपोआप आखडून धरतो, आणि मग सांधा खरोखर जखडला आहे की भीतीने अडतो आहे, हे ठरवणे आम्हालाच अवघड होते.

एमआरआयविषयी : पहिल्या भेटीत आम्ही आधी रुग्णाला स्वतः हात हलवायला सांगतो आणि नंतर तोच हात आम्ही उचलून पाहतो. स्नायुबंध फाटला असेल तर बहुधा रुग्णाला हात उचलता येत नाही, पण आम्ही उचलला तर तो बराच वर जातो. खांदा गोठला असेल, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात, तर दोन्ही वेळा हात जवळपास त्याच जागी अडतो, आणि कोपर कमरेला टेकवून हात बाहेरच्या बाजूला फिरवणे सर्वांत आधी बंद होते. त्यानंतर कोनमापकाच्या दोन पट्ट्या दंडावर आणि बरगडीच्या बाजूला धरून अंश मोजतो व लिहून ठेवतो. पुढच्या महिन्यात सुधारणा झाली की नाही, हे त्या आकड्यावरूनच ठरते.

जुनाजाणता
माझ्या बाबतीत एमआरआय उपयोगी पडला, हे तरी मान्य कराल की नाही?

पाऊलवाट
अवश्य. आपण पडला असाल आणि हातातली ताकद एकाएकी गेली असेल, तर तो योग्यच निर्णय होता. धागाकर्तीच्या बाबतीत तसे काही घडलेले नाही.

सरळरेषा
कपड्यांचे उत्तर आता देतो. बिनबाह्यांचा किंवा रुंद गळ्याचा, पुढून बटणे असलेला सैल सदरा घाला, म्हणजे खांद्याचे पाते मागून दिसते. घालताना दुखरा हात आधी बाहीत जाऊ द्या आणि काढताना तोच शेवटी बाहेर काढा. माझ्या पत्नीच्या खांद्याच्या वेळी एवढ्या एका गोष्टीने रोज सकाळचा त्रास निम्मा झाला.

ऊबदार
बर्फ लावू नका, शेक घ्या. गरम पाण्याची पिशवी रोज अर्धा तास ठेवली की सांधा मोकळा होतो.

पाऊलवाट
शेकाआधी एक प्रश्न : धागाकर्तीला मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार आहे का?

भिरभिरे
मधुमेह सहा वर्षांपासून आहे. त्याचा खांद्याशी काही संबंध असेल असे वाटले नाही, म्हणून लिहिले नाही.

पाऊलवाट
अगदी जवळचा संबंध आहे. मधुमेह असणाऱ्यांमध्ये खांदा गोठण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक असते आणि तो मोकळा व्हायलाही अधिक काळ लागू शकतो. काहींची त्वचेची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे शेकाने भाजले तरी कळत नाही. म्हणून संवेदना तपासून घेईपर्यंत गरम पिशवी नको. पुढे कोणी सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले, तर त्याने रक्तातील साखर काही दिवस वाढू शकते, हेही ध्यानात असू द्या. निदान अर्थातच प्रत्यक्ष तपासणीनंतरच होईल.

एक्स-रे, डॉक्टरांची चिठ्ठी, साखरेचा अलीकडचा अहवाल आणि सर्व औषधांची यादी न्या. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते विचारण्याची वाट न पाहता सांगा, कारण पेसमेकर असताना विजेच्या प्रवाहावर चालणारी काही उपकरणे वापरता येत नाहीत. "दुखणे शून्य ते दहामध्ये किती?" असे विचारले जाईल, एकच आकडा सांगण्याऐवजी बसून किती, हात उचलताना किती आणि रात्री किती, असे वेगवेगळे लिहून न्या. आणि सर्वांत महत्त्वाचे, आपल्याला कोणते काम पुन्हा करता यायला हवे आहे, ते ठरवून या.

भिरभिरे
वेणी स्वतः घालता यायला हवी, हे वहीत पहिल्या ओळीवर लिहिले आहे. रात्रीचा आकडा आठ आहे. परवापर्यंतच्या दोन रात्रींसाठी काही करता येईल का?

पाऊलवाट
उताणे झोपताना उजव्या कोपराखाली आणि दंडाखाली उशी ठेवा, म्हणजे हात मागे लोंबकळत नाही. डाव्या कुशीवर झोपणार असाल तर पोटाशी जाड उशी घेऊन उजवा हात तिच्यावर टेकवा. उजव्या कुशीवर मात्र झोपू नका.

भिरभिरे
दोन उशा काढून ठेवल्या आहेत. परवा मोजलेले अंश इथेच लिहीन.